खोरे न पाहता खोऱ्याचे प्रकरण कसे लिहावे

अभिनंदन! तुमचा विषय मंजूर झाला: 'अणदूर-नळदुर्ग परिसरातील बोरी खोऱ्याचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण'. सिनॉप्सिस पास झाला, फी भरून झाली, मार्गदर्शक सरांनी 'लागा कामाला' म्हणून फोनही ठेवला. आता पहिले प्रकरण, म्हणजे 'भौगोलिक व पर्यावरणीय पार्श्वभूमी'. दडपण घेऊ नका. हे प्रकरण वाचायची पद्धत नाही. सर चाळतात, बाहेरचे परीक्षक पाने मोजतात, आणि तुम्ही लिहिणारे, तेव्हा वाचायचा प्रश्न येतोच कुठे? तीस पाने, चार नकाशे, दोन तक्ते एवढे जमले की गंगेत घोडे न्हाले. खालील सूचना क्रमाने पाळा.

१. आधी डोंगर वाढवा

सपाटीवरचा प्रबंध कोणाच्या नजरेत भरत नाही. सुदैवाने आपल्याकडे बालाघाट आहे. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आतबाहेर. काश्मीरच्या दरीचा तळच दीड हजार मीटरच्या वर भरतो. पण हे कोणी शेजारी शेजारी ठेवून बघत नाही. 'उंच डोंगररांगांनी वेढलेले दुर्गम खोरे' असे बिनदिक्कत लिहा. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या गावाला 'दुर्गम' म्हणताना हात कचरला, तर त्याआधी 'प्राचीन काळी' जोडा. मग काहीही चालते.

छेदनकाशा काढताना उभे प्रमाण आडव्याच्या दसपट घ्या. अणदूरच्या माळावर संगणकाने दोन मिनिटांत हिमालय उभा राहतो. तळटिपेत प्रमाण द्यायलाच हवे, पण अक्षर बारीक ठेवायला बंदी नाही.

एक मात्र लिहू नका. याच बालाघाटाच्या पाठीवर पडलेल्या पावसाच्या वाटण्या होतात: तेरणेचे पाणी मांजरेतून गोदावरीला जाते, बोरीचे भीमेतून कृष्णेला. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन मोठ्या नद्यांची खोरी पाठीला पाठ लावून बसली आहेत. हे लिहिले की वाचक विचारणार: मग माणसांची, मालाची ये-जा या पाणलोटावरून कशी होत होती? आणि ते शोधायला तुम्हाला उन्हात जावे लागणार.

२. साडेसहा कोटी वर्षांपासून सुरुवात करा

तुमच्या यादीत दोन बारवा, काही वीरगळ, एक पडके हेमाडपंती देऊळ आहे. वय फार तर सात-आठशे वर्षे. म्हणून सुरुवात लाव्हारसापासून. 'सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचे उद्रेक झाले' हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रबंधात असतेच. तुम्ही एकट्याने परंपरा मोडण्याचे कारण नाही. मग बेसॉल्टचे थर, मुरूम, चुनखडी, काळी माती असे खालून वर या. तेराव्या शतकात पोचेपर्यंत सतरा पाने होतात.

त्याच काळ्या पाषाणाच्या बारवा आहेत, त्याचेच वीरगळ आहेत, दगड कोणत्या खाणीतून आला असेल, चांगला घडवता येणारा थर कुठे उघडा पडला आहे, या खोड्यांत शिरू नका. भूगर्भशास्त्र प्रकरण एकमध्ये, वीरगळ प्रकरण पाचमध्ये. मध्ये तीन प्रकरणांची भिंत आहे, ती उगाच घातलेली नाही.

जुन्या पुस्तकांतून 'हा भूभाग भूगर्भीयदृष्ट्या अत्यंत स्थिर आहे' हेही वाक्य मिळेल. वजनदार आहे, उतरवून घ्या. फक्त ते किल्लारीच्या बाजूच्या कोणापुढे मोठ्याने वाचू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिथे अजून कोणी विसरलेले नाही.

३. गॅझेटियर शेजारी घ्या

हे तुमचे खरे उत्खनन. जिल्ह्याचे जुने गॅझेटियर ग्रंथालयातून काढा, धूळ झटका आणि थरांनुसार उतरवत जा. छोटीशी अडचण आहे: ते गॅझेटियर छापले तेव्हा लातूर याच जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. त्यामुळे तुमच्या अभ्यासक्षेत्रात अहमदपूरचे डोंगर, उदगीरचा किल्ला आणि अर्धी मांजरा फुकट येते. काढत बसू नका. क्षेत्रफळ मोठे दिसते आणि अनुदानाच्या अर्जात उपयोगी पडते.

जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव करायला संगणकाला एक सेकंद लागतो. पण 'सगळीकडे बदला' हे बटण दाबण्यापूर्वी श्वास घ्या, नाहीतर संदर्भसूचीतली जुनी पुस्तकेही नव्या नावाने छापून निघतील.

उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची धास्ती नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाशिवाय खपते. उरलेल्यासाठी पर्यायी शब्दांचा कोश आहे. 'नदी आग्नेयेकडे वाहते' याचे 'सरिता आग्नेय दिशेस मार्गक्रमण करते' केले की संशोधन मौलिक झाले. फक्त 'पाऊस कमी पडतो' याचे 'वरुणराजाची अवकृपा होते' करू नका. एका विद्यार्थ्याने तसे केले तर परीक्षकांनी श्रद्धेवर उपप्रकरण मागितल्याचे ऐकिवात आहे.

४. बोरी निवडा

'बोरी' असे टंकून शोधलेत की किमान तीन हाती लागतात. एक तुमची, नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून अक्कलकोटकडे उतरणारी. दुसरी खानदेशातली, अमळनेरवरून जाऊन तापीला मिळणारी. तिसरी नदीच नाही, ते पुणे जिल्ह्यातले कुकडीकाठचे गाव. पण पुरातत्त्वात सगळ्यांत प्रसिद्ध तीच, कारण तिथे ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे मिळाली. राखेच्या वयावरून तज्ज्ञांत जुंपली; चौदा लाख वर्षांपासून पाऊण लाखापर्यंत सगळे आकडे मांडून झाले आहेत.

जाणकार विद्यार्थी तिन्ही वापरतो. पाणी आपल्या बोरीचे, उपनद्या खानदेशच्या, प्राचीनता कुकडीची. परिच्छेद भरीव होतो.

५. हिमयुग दुसऱ्याचे आणा

हे थोडे प्रगत पातळीचे आहे, पण शिकून ठेवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंक आणि ब्रुकनर या दोघांनी आल्प्सच्या दऱ्या पाहून चार हिमयुगांचा क्रम लावला. १९३५ मध्ये हेल्मुट डी टेरा आणि टी. टी. पॅटर्सन काश्मीरच्या दरीत आणि पोटवारच्या पठारावर गेले, तर तिथेही चार हिमयुगे. सोहन नदीच्या काठच्या पायऱ्याही त्याच हिशेबात बसल्या, आणि पायऱ्यांवर सापडलेली दगडी हत्यारेही. १९३९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि पुढची कित्येक वर्षे देशातल्या संशोधकांनी आपापल्या नदीच्या काठावर त्याच मापाच्या पायऱ्या शोधल्या. हिम नसेल तिथे 'अतिवृष्टीचे युग' घातले. १९८० च्या दशकात पोटवारला पुन्हा नीट काम झाले तेव्हा लक्षात आले, त्या पायऱ्यांची मांडणीच टिकत नाही.

बोध काय घ्यायचा? लोक म्हणतील, परक्या दरीचा साचा आपल्या नदीवर बसवू नये. चूक! बोध असा, की बसवलेला साचा सहज चाळीस वर्षे टिकतो. तुमचे प्रबंधाचे काम पाच वर्षांचे आहे. बिनधास्त बसवा.

६. पावसाची सरासरी काढा

सरासरीसारखे सुख नाही. तीस वर्षांच्या आकड्यांची बेरीज, भागिले तीस, दोन दशांश स्थळे. आलेल्या आकड्याला 'या प्रदेशाचे पर्जन्यमान' म्हणा आणि तेच सातवाहनांच्या काळालाही लावा. ते तक्रार करायला येत नाहीत.

या आकड्याएवढा पाऊस अणदूरच्या शिवारात क्वचितच पडतो. एका साली ओढे दोन-तीन दिवसांत वर्षाचे काम उरकतात, दुसऱ्या साली पोळ्यापर्यंत पेरणीचा पत्ता नसतो. गाव बसते आणि उठते ते सरासरीवर नव्हे, लागोपाठच्या दोन वाईट सालांवर. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना विचारा, म्हणजे पडीक पडलेली वस्ती कशी तयार होते हे ते सांगतील. पण त्यांना विचारू नका. बहात्तर हे एकच साल; तक्त्यात ते तीस सालांमध्ये कुठल्या कुठे विरून जाते.

७. वनस्पती आणि प्राणी यांची यादी द्या

शास्त्रीय नावे तिरक्या अक्षरांत. बाभळीला व्हॅचेलिया निलोटिका, लिंबाला अझाडिरॅक्टा इंडिका. यादी करायला बसथांब्यापासून शंभर पावले पुरेत. वेडी बाभूळ, गाजर गवत, निलगिरी, सुबाभूळ, जे दिसेल ते 'प्राचीन पर्यावरण' या मथळ्याखाली घाला. वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, गाजर गवताची नोंद पुण्यात १९५० च्या दशकातली, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. हे वनस्पतिशास्त्रवाल्यांना माहीत असते. ते परीक्षक म्हणून येत नाहीत. पिकांमध्ये ज्वारीच्या आधी सोयाबीन लिहा, कारण सोयाबीन जास्त दिसते.

प्राण्यांत खोकड, ससा, काळवीट हे ठीक. रुबाब वाढवायचा असेल तर नान्नजचा माळढोक सोलापुरातून इकडे उडवत आणा. तो त्याच्या अभयारण्यात दिसणे मुश्कील झाले आहे. तुमच्या प्रबंधात तरी दिसू द्या.

ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर हा एक मुद्दा हमखास लागतो. त्यासाठी परदेशी मेंढपाळांचे दाखले भरपूर आहेत, ते वापरा. इथले उदाहरण देण्याचा मोह टाळा. इथे तर खुद्द खंडोबा स्थलांतर करतो: वर्षातला बहुतेक काळ अणदूरला, उरलेला नळदुर्गच्या मैलारपूरला, आणि पौष पौर्णिमेची यात्रा तिथेच. देव, पालखी, मानकरी, वाट, तारखा, सगळे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. एवढी सोपी, डोळ्यांसमोरची गोष्ट शास्त्रीय वाटत नाही.

८. सर्वेक्षण श्रावणात करा

खापरे दिसतात ती पिके निघाल्यावर, नांगरट झाल्यावर, मार्च ते मे. तेव्हा ऊन असते. म्हणून श्रावणात जा. हवा छान, डोंगर हिरवे, फोटो सुंदर. सोयाबीन गुडघ्याला, तूर कमरेला. जमीन टीचभरही दिसत नाही. 'सदर क्षेत्रात वस्तीचे अवशेष आढळले नाहीत' असे लिहा. पुढच्या प्रकरणात त्याचे 'सदर क्षेत्रात प्राचीन काळी वस्ती नव्हती' करा. वस्ती उठवायला दुष्काळच लागतो असे नाही.

मे महिन्यात चुकून गेलातच, तर काळ्या रानात उभे राहून खाली पाहू नका. मनगट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. वरचे खापर त्यात घरंगळते, पावसात माती फुगते आणि मिटते, खालचे वर सरकते. म्हणजे वर काय दिसते यावर खाली काय आहे हे ठरवता येत नाही. असल्या मातीवर प्रबंध उभा करणे धोक्याचे. तिच्याकडे दुर्लक्ष करणे सुरक्षित.

वाहन दुचाकीच घ्या. १८५३ च्या तहानंतर नळदुर्गचा कारभार पाहायला आलेला मेडोज टेलर, तोच ठगावर कादंबरी लिहिणारा आणि सुरपूरकडची महापाषाणीय दफने उकरून त्यांची रेखाटने करणारा, घोड्यावरून मुलूख हिंडला. घोडा बांध ओलांडतो, ओढ्यात उतरतो, चहाच्या टपरीसमोर आपण होऊन थांबत नाही. दुचाकी थांबते. त्यामुळे तुमच्या नकाशावरची सगळी पुरास्थळे महामार्गापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत येतील. यावरून 'प्राचीन वस्त्या दळणवळणाच्या मार्गालगत वसल्या होत्या' असा निष्कर्ष आपोआप निघतो. मार्ग अलीकडे चारपदरी झाला, हे सांगायची सक्ती नाही.

९. गावकऱ्यांपासून सावध राहा

बांधावर उभे राहून मोबाईलला रेंज शोधत असताना एखादे आजोबा जवळ येतील. कोपरी, धोतर, हातात विळा. संवाद साधारण असा होतो:

"कुठलं गाव, पाव्हणं?"

"विद्यापीठातून आलोय, बाबा. सर्वेक्षण आहे."

"समृद्धी का रेल्वे?"

"नाही, जुन्या वस्तूंचं."

"मग हितं कशाला उभारलाव? ती पल्याड पांढरी हाय बघा, चिंचंच्या खाली. नांगर घातला की खापऱ्याच खापऱ्या. आमच्या बापानं तिथलीच माती वाड्याच्या माळवदावर टाकली व्हती. गळत नाही कधी. आता ट्रॅक्टरवाले खत म्हणून नेत्यात. अर्धी सरली."

या चार वाक्यांत तुमच्या प्रबंधाची तीन प्रकरणे आहेत: जुन्या वस्तीची जागा, तिच्या मातीचा गुण, ती कशी आणि कोणाच्या हाताने संपत आली. म्हणूनच सावध राहायचे. आजोबांना जीपीएस ठाऊक नाही. त्यांच्या पांढरीला अक्षांश-रेखांश नाहीत. 'हो का' म्हणून मान डोलवा, दिलेले पाणी प्या आणि निघा. घरी आल्यावर 'स्थानिक लोकसमजुती' या सदरात एक ओळ पुरे. ऋणनिर्देशात 'अणदूर परिसरातील असंख्य ग्रामस्थ' लिहा. असंख्य म्हटले की एकाचेही नाव विचारावे लागत नाही.

१०. पहिले प्रकरण कशालाही जोडू नका

हा सर्वांत महत्त्वाचा नियम. नवशिके इथेच घसरतात. त्यांना नळदुर्ग दिसतो आणि राहवत नाही. बेसॉल्टची टेकडी, तिला बोरीचा विळखा, समोर रणमंडळ, मध्ये घळ. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, त्या घळीवर बांध घालून पाणी अडवले, बांधाच्याच पोटात महाल काढला आणि पावसाळ्यात जादा पाणी नर-मादीच्या दोन धारांनी सोडून दिले. इथे दगड, नदी, पाऊस, लष्कर आणि हौस यांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य आहे. पण प्रबंधाच्या शिस्तीने तेही साधते: नदी पान १२ वर, बेसॉल्ट पान ५ वर, किल्ला पान १८४ वर. पाणी महाल परिशिष्टात.

या शिस्तीला न जुमानणारे लोक पूर्वीपासून आहेत. त्यांचे अनुकरण करू नका. इ.स.च्या पहिल्या शतकात पेरिप्लस लिहिणारा तो अनाम व्यापारी पाहा. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. तिथला माल, मुख्यतः कापड, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला येतो. बस्स. अंतर, वाट, वाहन, माल, बाजारपेठ, सगळे एका दमात. ना उपप्रकरण, ना तक्ता. आज कोणते विद्यापीठ त्याला पदवी देईल?

दुसरे उदाहरण घोड नदीकाठच्या इनामगावचे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षे खणले. नदीचे पाणी वळवायचा पाट, जळके दाणे, हाडे, घरांचे आकार हे सगळे म. के. ढवळीकरांनी एकमेकांशेजारी ठेवले आणि मांडले, की इ.स.पू. १००० नंतर हवा कोरडी होत गेली, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठले. त्यावर आजही वाद होतात. पाहिलेत ना परिणाम? पर्यावरण आणि पुरावा एका पानावर आणले की लोक ते पान वाचतात, वाचले की भांडतात. तुमच्या प्रकरणाशी कोणीही भांडणार नाही, याची मी खात्री देतो.

नेहमीच्या शंका

शंका: व्हायवात या प्रकरणावर प्रश्न आला तर?
उत्तर: येत नाही. आलाच तर 'बोरी कशाला मिळते?' एवढाच. उत्तर भीमा. तापी म्हणालात तर 'ती दुसरी बोरी, सर, तीही अभ्यासली आहे' असे म्हणा.

शंका: सरांनी खरोखरच खोरे पाहून या म्हटले तर?
उत्तर: असे सर दुर्मिळ आहेत. मिळाले तर इतरांना सांगू नका, गर्दी होईल.

शंका: नकाशात उत्तर दिशा दाखवायची राहिली.
उत्तर: बाण कुठेही काढा. तुमच्या नकाशावरून कोणी चालत जाणार नाही.

शंका: खोऱ्यात एकदाही न जाता भागेल का?
उत्तर: नाही. एकदा जावेच लागते, 'सर्वेक्षण करताना संशोधक' हा फोटो लागतो. बोरीला पाणी आल्याची खात्री करून पावसाळ्यात जा, नर-मादी मागे दिसली पाहिजे. रविवार टाळा, सेल्फीवाल्यांची रांग असते. हातात मोजपट्टी धरा; कशाला लावली आहे ते फोटोत दिसले नाही तरी चालते.